छोटीचे उसने डोळे

कागदपत्रांच्या कामात आपला हात धरणारं कोणी नाही, अशी सर्जनची ठाम समजूत होती. सर्जन म्हणजे डॉक्टर नव्हे. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो संगणकासमोर बसायचा आणि लोकांचे चेहरे दुरुस्त करायचा. कोणाचे मुरूम काढ, कोणाच्या हनुवटीखालची घडी पूस, ग्रुप फोटोत ऐन वेळी ज्याने डोळे मिटले त्याचे उघड. मालकाने कौतुकाने त्याला सर्जन म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव घरापर्यंत आलं. बायको लाडात असली की तेच म्हणायची आणि रागात असली तरी तेच. सूर तेवढा बदलायचा.

तर परदेशातल्या त्या गावात छोटी जन्मली, तेव्हा दवाखान्यातच सर्जनने जाहीर केलं, "तू फक्त हिला सांभाळ. कागदांचं माझ्यावर सोड. एका फेरीत काम फत्ते."

काम तसं सरळ नव्हतं. तिथल्या कायद्याने छोटी तिथली नव्हती. आईबापांच्या देशाची व्हायची तर वकिलातीत जन्माची नोंद व्हायला हवी. नोंद नाही तर नागरिकत्व नाही, नागरिकत्व नाही तर पासपोर्ट नाही आणि पासपोर्ट नाही तर विमानात पाऊल नाही. एवढीशी पोर, घरभर तिचाच आवाज, पण कागदोपत्री ती अजून कोणाचीच नव्हती.

आणि विमानाची घाई होती. बायकोची आई विसरायला लागली होती. आधी गॅस बंद करायला विसरली, मग घराची गल्ली विसरली. बायकोचा धाकटा भाऊ तिला सांभाळत होता. एकदा त्याचा फोन आला.

"ताई, काल आईने मला प्लंबर समजून गळका नळ दाखवला."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? दुरुस्त केला. पण तुझं विचारते अजून. ती कधी येणार, ती कधी येणार, हेच चालू असतं. डॉक्टर म्हणतात, फार दिवस थांबू नका. ये तू."

फोन ठेवल्यावर बायकोने छोटीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "छोटीला नाही ओळखलं तरी चालेल रे. मला ओळखायला हवं तिने. एकदा तरी."

सर्जनने त्या दिवसापासून कंबर कसली. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, भाड्याच्या घराचा करार, मुलीसाठी दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट घेतलेला नाही असं दोघांचं निवेदन, सगळं पारदर्शक कप्प्यांत घातलं. कोणी मागितला नसताना लग्नाचा एक मोठा फोटोही घातला, म्हणजे कुटुंब कसं भरलेलं दिसतं. फाइल इतकी देखणी झाली की शेजाऱ्यांना दाखवून झाली. राहिला फक्त छोटीचा फोटो आणि तो तर घरचाच धंदा.

वकिलातीचा नियम साधा होता. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसायला हवेत, डोळे उघडे, तोंड बंद. छोटीचं गणित मात्र वेगळं होतं. डोळे उघडले की ती भोकाड पसरायची आणि तोंड मिटलं की ती झोपलेली असायची. सर्जनने पांढरी चादर अंथरली, खुर्चीवर चढून वरून फोटो काढले, खिडकीशी काढले, बायकोला पडद्याआड लपवून तिच्याकडून आवाज काढून घेतले. शेकडो फोटो निघाले. एकात डोळे उघडे, तोंड बंद असं जमलं होतं, पण त्यात छोटीने पाय थेट कानावर नेला होता.

वकिलातीत जायचा दिवस उद्यावर आला. पुढची तारीख लवकर मिळणार नव्हती. मग सर्जनने तेच केलं जे तो रोज दुकानात करायचा. शांत झोपलेल्या छोटीचा एक छान फोटो घेतला आणि तिला डोळे लावायला बसला. स्वतःचे लावून पाहिले, तर पोर जागरण करून आल्यासारखी दिसायला लागली. शेवटी बायकोच्या एका जुन्या फोटोतले डोळे घेतले, लहान केले, बसवले. कडा पुसल्या. काम झकास झालं. बायकोला दाखवायची गरज त्याला वाटली नाही. फोटो पाकिटात घालून त्याने पाकीट चिकटवून टाकलं.

वकिलातीतल्या खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीला अडकवलेला, चेहऱ्यावर सकाळपासूनची गर्दी. सुदैवाने त्या या दोघांच्याच भाषेत बोलणाऱ्या निघाल्या. फाइल पाहून त्या म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित फाइल मी पहिल्यांदा बघतेय." सर्जनने बायकोकडे असं पाहिलं की तिला हसू आवरेना.

मग बाईंनी पाकीट फोडलं. फोटो पाहिला. चष्मा लावला. पुन्हा पाहिला.

"हे बाळ माझ्याकडे असं का बघतंय?"

"असं म्हणजे?" सर्जनने विचारलं.

"मी काहीतरी चुकवलंय असं." बाईंनी काचेतून झोपलेल्या छोटीकडे पाहिलं. "जरा जागं करा हो तिला."

छोटीला जागं केलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि सगळी वकिलात डोक्यावर घेतली. रांगेतल्या एका आजोबांनी किल्ल्या वाजवल्या. एका बाईने टाळ्या पिटल्या. पहारेकरी येऊन शिट्टी वाजवून गेला. अखेर दमून छोटीने एकदाचे डोळे उघडले. वाटोळे, टपोरे, राखाडी झाक असलेले डोळे. फोटोतले होते लांबट, काळेभोर आणि जरासे दमलेले.

बाईंनी फोटो काचेला टेकवून धरला. "आणि तुम्ही एवढ्याशा बाळाला मस्कारा लावता?"

बायकोने वाकून पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अरे सर्जन, हे माझे डोळे आहेत."

हे ऐकल्यावर बाई उठून आत गेल्या आणि या तिघांना आतल्या खोलीत बोलावणं आलं. तिथे एक साहेब होते, सावकाश बोलणारे. सावकाश बोलणाऱ्या साहेबांची भीती जास्त वाटते. त्यांनी विचारलं, "हे बाळ तुमचंच ना?"

"आमचंच, साहेब."

"मग फोटोतलं कोणाचं?"

"तेही आमचंच. फक्त डोळे बायकोचे आहेत."

"मुलीचे डोळे आईच्या वळणावर गेले, तर त्यात वावगं काही नाही."

"वळणावर नाही हो. तिचेच आहेत. मी काढून लावले." घाबरलेला माणूस गप्प बसतो किंवा खरं बोलतो. सर्जन घाबरला की आपल्या कामाची माहिती द्यायला लागायचा. "कडा बघा, साहेब. शोधून सापडायच्या नाहीत."

साहेबांनी कडा पाहिल्या नाहीत. ते सर्जनकडे पाहत होते. मग त्यांनी फाइलमधला सर्जनचा स्वतःचा नवा फोटो काढला. त्यात भरघोस केस होते. समोर बसलेल्या माणसाचं कपाळ मात्र पार टाळूपर्यंत गेलेलं होतं.

"हे तुम्ही?"

"थोडी डागडुजी केलीय."

"थोडी?" साहेबांनी लग्नाचा मोठा फोटो ओढून घेतला. "आणि यात काय काय केलंय? एकदाच सांगून टाका. मला लिहायचं आहे."

सर्जनने खाली मान घालून सांगायला सुरुवात केली. मामांचं पोट. स्वतःचं नाक. मागच्या भिंतीवरची ओल. "आणि सासूबाईंचे डोळे," तो म्हणाला.

"आईचे?" बायकोने विचारलं.

त्याच फोटोची दुसरी प्रत घरी त्यांच्या पलंगासमोर टांगलेली होती. त्यात ती नवरीच्या वेशात निघालेली आणि मागे आई तिच्याकडे स्वच्छ, शांत नजरेने पाहत असलेली.

"आईच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

"मिटलेले होते गं. रडत होत्या त्या. फार रडत होत्या. फोटोत बरं दिसलं नसतं, म्हणून जेवणाच्या वेळच्या फोटोतले लावले."

छोटी बायकोच्या खांद्यावर हुंदके देऊन गप्प झाली होती. साहेबांनीही लिहायचं थांबवलं.

"मला वाटायचं, आई रडलीच नाही," ती हळूच म्हणाली. "त्या गर्दीत मला मागे वळून बघवलं नाही. मग फोटो आला. इतकी वर्षं मी तो बघतेय आणि मला वाटतंय, हिला माझं जाणं काहीच वाटलं नाही. म्हणून मीसुद्धा फार फोन करायचे नाही."

सर्जनला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांचा राग आला आणि ते कुठे ठेवावेत हेही कळेना.

खिडकीवरच्या बाई मघापासून दारात उभ्या होत्या. त्यांनी घसा साफ केला. "तुम्ही नियमांचं मागचं पान वाचलं नाही का? एवढ्या लहान बाळाचे डोळे मिटलेले चालतात."

"चालतात?"

"चालतात. झोपलेल्या बाळाचा कसाही साधा फोटो चालला असता."

पण आता साध्यावर भागणार नव्हतं. बदललेला फोटो दिला म्हटल्यावर प्रकरण वर पाठवणं साहेबांना भाग होतं. त्यांचाही नाइलाज होता आणि तसं ते म्हणालेही. पुन्हा प्रतिज्ञापत्रं झाली, दवाखान्यातल्या सुईणीचं पत्र आणावं लागलं, घरमालकाने येऊन साक्ष दिली की हा टकला माणूस तोच आहे. छोटीचा नवा फोटो बायकोने फोनवर काढला, झोपेतला, न हाताळलेला. सर्जनने त्याला बोटही लावलं नाही. लग्नाचा फोटो बायकोने उतरवून कपाटात ठेवला, आणि भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन तेवढा राहिला.

पासपोर्ट येईपर्यंत ऋतू बदलला. मधल्या काळात भावाचे फोन येत राहिले. एकदा तो म्हणाला, "आज विचारलं नाही तिने." नंतर त्याने ते सांगायचंही बंद केलं आणि बायकोनेही विचारायचं बंद केलं.

शेवटी ते पोहोचले. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर.

"आई, बघ कोण आलंय," भाऊ म्हणाला.

आईने लेकीकडे पाहिलं. दारात आलेल्या कोणाही पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "या ना. बसा."

बायको बसली. तिला वाटत होतं तेवढं अवघड गेलं नाही, त्याहून जास्त गेलं. तेवढ्यात आईचं लक्ष छोटीकडे गेलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने दोन्ही हात पुढे केले, छोटीला घेतलं आणि सराईतपणे तिची मान आपल्या कोपरात टेकवली.

"हळू बोला हं," ती सगळ्यांना म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय माझ्या लेकीचा."

सर्जनच्या बॅगेत शिक्क्यांनिशी सगळे कागद होते. ही कोणाची मुलगी, कुठे जन्मली, कुठल्या देशाची, त्यात अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने तोंड उघडलं, "आई, ही तुमची नात..." बायकोने मानेनेच नको म्हटलं.

आई छोटीला थोपटत होती. थोड्या वेळाने तिने पाहुणीची चौकशी केली. "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे," बायको म्हणाली.

"मग तुम्हाला कळेल. लोक म्हणतात, मुलीला हसून निरोप द्यावा." आईने छोटीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मला नाही जमायचं बाई. मी तर भर मांडवात रडेन. हिला दिसलं तर दिसू दे."

बायको वाकली, तिने आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोठमोठ्याने रडायला लागली. आईला पाहुणीचं नवल वाटलं असावं, पण छोटी एका हातात तशीच धरून तिने दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

रडणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे सर्जनला एकाच पद्धतीने येत होतं आणि त्याला संगणक लागायचा. म्हणून तो बाहेर जाऊन बॅगा आत आणायला लागला.