सरळ विजेच्या स्वारीची हकीकत

श्रीविद्युल्लता राज्यावर प्रसन्न असो, धक्का तेवढा शेजारच्या राज्यास देवो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, श्रावणमासी ऐसे वर्तमान जाहले जे, डोंगरी धरणावर वीज उदंड निपजली आणि दोनशे कोसांवर राजधानीत काळोख, मग महाराजांनी तारांचे अधिकारी चिमणाजीपंत वायंगणकर यांस आज्ञा केली, "दसऱ्यास राजधानीत वीज पोचली पाहिजे. न पोचल्यास जन्मभर आमचा पंखा ओढणे." पंतांनी अर्ज केला, "महाराज, नेहमीची वीज क्षणात पन्नास वेळा पुढेमागे करते, लांबच्या वाटेस दमते. सबब डोंगरीच तीस सरळ करोन धाडू आणि शहरी उंच घरात यंत्रांनी पूर्ववत करू." महाराज संतोषोन म्हणाले, "सरळ करणे आहे तर आमचे कारभारीही डोंगरी न्या."

मग मनोरे उभारीत स्वारी वाटेवरील चिंचकोंड गावी आली आणि पाटलीण गोदूबाई वाट अडवोन उभ्या राहिल्या. "आमच्या शिवेतून गूळपाणी घेतल्याबिगर कुणी जात नाही. ही तुमची वीजबाई डोईवरून जाणार, अन् खाली ढुंकून बघणार नाही? मनोरा उभा राहायचा नाही!"

पंत म्हणाले, "बाई, सरळ वीज मधेच उतरत नाही. उतरवायची तर तीस पूर्ववत करणारे ते उंच घर इथेच बांधावे लागेल."

"मग बांधा की."

"तीन वर्षे लागतात हो!"

"आम्हाला कुठं घाई आहे?"

पंतांनी जासूद धाडिला जे, यंत्रे सिद्ध आहेत, उंच घर तेवढे नाही. महाराजांनी पुसले, "केवढे उंच?" जासूद म्हणाला, "राजवाड्याएवढे." महाराज म्हणाले, "मग राजवाडाच घेऊन जा, त्यात काय!" दरबार हसला, महाराज हसले नाहीत, मग दरबारही थांबला, आणि तीनशे मालमोटारींवर राजवाडा चिंचकोंडास जाऊन सव्वा महिन्यात उभा राहिला, आणि वाड्यामागे महाराज आले, महाराजांमागे दरबार, दरबारामागे वकील, न्हावी, हलवाई, मग सारे शहर आले. महाराजांची गादी यंत्रांशेजारी मांडिली, तेणेकरून केस उभे राहिले, ते शोभतात ऐसे दरबारात ठरले.

विजयादशमीस गोदूबाईंनी मनोऱ्यास गूळपाणी दाखविले, पंतांनी कळ दाबिली, लखलखाट जाहला. तों एक कारकून म्हणाला, "पण पंत, वीज तर वाटेतच उतरली. राजधानीस कुठे पोचली?" पंतांनी पंख्याच्या दोरीकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "आम्ही कोठे बसलो आहो?"

"चिंचकोंडास, महाराज."

"मग राजधानी कोणती?"

कारकून खाली बसला.

येणेप्रमाणे ठरल्या दिवशी राजधानीत वीज पोचली आणि चिमणाजीपंत सुटले. कोण कोणाकडे गेले, हे कोणी पुसले नाही.