परब काटकोनात वळत नाहीत

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात दिगंबर परब टेबलाच्या कोपऱ्यावर कधीच सरळ वळत नाहीत. कोपरा यायच्या आधी दोन पावलं ते तिरके होतात, तसेच पुढे जातात आणि मग हळूच सरळ होतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचा गुडघा दुखत असावा.

परब सर्किट बोर्ड डिझाइन करतात. हिरव्या पट्टीवर तांब्याच्या ज्या बारीक वाटा दिसतात ना, त्या कुठून कुठे न्यायच्या ते ठरवतात. त्यांच्या बोर्डवर एकही वाट काटकोनात वळत नाही. "करंटाक धक्को बसता गो," असं त्यांनी मला समजावलं. मी तेव्हा नवी इंजिनीअर. म्हटलं, "परबकाका, पुस्तकात लिहिलंय, आपल्या बोर्डांना त्याने काही फरक पडत नाही."

"पुस्तकाक नाय पडत. माका पडता."

तीस वर्षं तिरक्या रेघा ओढून माणूसही तिरका चालायला लागला, एवढंच.

करंटबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलतात. वाट अरुंद ठेवली की म्हणतात, "एवढ्याशा बोळातून तो जाणार कसो?" कुणी लवकर करा म्हटलं, की चष्मा कपाळावर जातो. "घाई कोणाक आसा? तुका की करंटाक?"

सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी आम्ही एक बोर्ड केला होता. त्यावर पंप चालू-बंद करणारा रिले, पंप किती करंट ओढतोय ते मोजणारा सेन्सर आणि जाड वायरी जोडायला कनेक्टर. माल खोक्यांत भरून झाला, टेम्पो दारात लागला. परबांनी चाचणीवरच्या बोर्डाच्या कनेक्टरला हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाले, "ह्याका ताप आसा."

शेठ तडकले. "परब, चाचणीत पास झालाय तो! माल आज निघालाच पाहिजे."

"निघात ना. पण मग त्याच टेम्पोत मी पण बसतंय. परत येणार नाय."

परबांनी एक बोर्ड उचलला, शेठच्याच टेबलावर ठेवला, पंपाएवढा लोड जोडला आणि समोर खुर्ची घेऊन बसले. शेठ फोनवर बोलत होते. तासाभराने बोलता बोलता त्यांनी नाक वर केलं. कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडून वास सुटला होता. त्यांनी फोन ठेवला आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं. परब "बघा, मी म्हटलं होतं" असं काही बोलले नाहीत. कनेक्टर मोठा घेतला, तांब्याच्या वाटा दुप्पट रुंद केल्या आणि तीन दिवसांत नवं डिझाइन दिलं. जे बोर्ड गेले, ते आजही बिनबोभाट चालतायत.

गेल्या पावसाळ्यात परब तापाने आजारी पडले. एका डिझाइनवर त्यांचं मत हवं होतं, म्हणून कामावर जाताना सकाळी मी स्कूटरने त्यांच्या विक्रोळीच्या घरी गेले. परब एकटेच राहतात. त्यांनी चहा दिला, पण माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. नजर भिंतीवरच्या फळीकडे. तिथे एक छोटा दिवा होता आणि खाली आकडे दाखवणारी काचेची पट्टी.

साडेआठला दिवा पेटला. परबांनी श्वास सोडला.

"हे काय, काका?"

"ताईचो मिक्सर."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, परबांना तिनेच वाढवलं. मानखुर्दला एकटी असते. गावच्या घरावरून दोघांचं भांडण झालं आणि अकरा वर्षं अबोला. ती फोन उचलत नाही, दार उघडत नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या ओट्याजवळचं सॉकेट जळलं, तेव्हा परबांनी तिथल्या वायरमनला गाठून नव्या सॉकेटमागे आपला बोर्ड बसवून घेतला. सेन्सर आणि सिमकार्ड. रोज सकाळी ती चटणी वाटते. मिक्सर फिरला, की इथे दिवा पेटतो.

"तिला माहीत नाही?"

"वायरमनाक बजावलंलंय, बोलू नको म्हणून." परब उठून फळीजवळ गेले आणि आकडा बघत राहिले. "रोज करंट दोनच्या आसपास जाता. आज एकाच्या पण खाली आसा."

"म्हणजे?"

"भांडा रिकामा आसा."

मला समजेना. त्यांनी कॅलेंडरकडे बोट केलं. हरतालिका होती.

"आज ती पाण्याचो थेंब पण घेणा नाय. चूल बंद. वाटणार काय ती? मगे मिक्सर कोणासाठी फिरवता?"

दिवा विझला. लगेच पुन्हा पेटला, जरा वेळ राहिला आणि विझला. परब पाठमोरे उभे होते. मी डिझाइनचे कागद हळूच पिशवीत घातले.

"थांब गो," ते न वळताच म्हणाले. "तुका घाई नसली तर माका मानखुर्दाक सोड."