साखरेचा अंगरखा

एका जंगलात, बाळांनो, साध्या शिंकेलाही जालीम औषध घेत. दोन गोळ्या आपण गिळायच्या, बरं वाटलं की उरलेल्या शेजाऱ्याला द्यायच्या. याला तिथे शेजारधर्म म्हणत. होता होता ती औषधं जंतूंच्याही अंगवळणी पडली.

त्यातला एक जंतू फार धोरणी. धडधाकटाच्या वाटेला जायचा नाही. कुणी इस्पितळात आडवा झाला, की हा मेला उशाशी हजर!

अंगात साखरेचा अंगरखा. शरीरातले पहारेकरी तो बघत आणि विसरून जात. साळू नावाच्या साळिंदर वैद्यिणीने युक्ती काढली. त्या साखरेचा तुकडा तिने एका निर्विष केलेल्या प्रथिनाला चिकटवला. हे प्रथिन पहारेकरी चांगलं ओळखत. या ओळखीच्या बदमाशाच्या गळ्यात गळा घालून आलेल्या साखरेचं तोंडही मग त्यांच्या लक्षात राहिलं. झाली लस तयार.

सिंहमहाराजांचा गुडघा बदलायचा होता. साळू दरबारात गेली.

"महाराज, शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी ही टोचून घ्या."

"का? मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच आत्ता घ्यायची."

तरस प्रधान खो-खो हसला. "निरोग्याला सुई! उद्या ही जिवंतपणीच तेरावं उरकायला सांगेल!"

सगळा दरबार हसला. साळूला राग आला आणि रडूही आलं. राजा अडाणी होता, पण वाईट नव्हता. आणि त्याला वाचवता येत होतं.

गुडघा झकास बसला. मग ताप चढला. होती नव्हती ती सगळी औषधं झाली. जंतूने ती पचवून ढेकर दिली.

"साळू, तुझी ती सुई आण गं," राजा कण्हला.

"महाराज, पहारेकऱ्यांना शिकवायला वेळ लागतो. चोर तर माजघरात शिरलाय."

तिने त्याचा पंजा हातात धरला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. राजा गेला.

युवराज गादीवर बसले. प्रधानाने डोळे पुसत फिर्याद मांडली, "लस हाताशी असून हिने महाराजांना मरू दिलं!"

साळूला जंगलाबाहेर हाकललं. लस नदीत ओतली.

तात्पर्य: विहीर नेहमी तहान लागल्यावरच खोदावी. आधी खोदून ठेवली, तर तहानेने मेलेल्याचे वारस खोदणाऱ्यालाच तीत ढकलतात.