आयतोबाचा आयतोबा

दुसऱ्याच्या जिवावर जगणं ही सृष्टीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत शिस्तीची नोकरी आहे. समुद्रातल्या शेवाळाचंच घ्या. ते बिचारं उन्हात राबतं. त्याच्या पेशीत एक राक्षसी विषाणू घुसतो, तिथेच कारखाना थाटतो आणि स्वतःच्या प्रती काढत सुटतो. मग येतो एक चिमुकला विषाणू. हा शेवाळाच्या वाटेला जात नाही, थेट राक्षसाच्या कारखान्यात ठाण मांडून आपल्याच प्रती काढतो. राक्षसाचा धंदा बसतो आणि उरलेलं शेवाळ वाचतं. (आभार कोणीच कोणाचे मानत नाही.)

हे सगळं एका संशोधन संस्थेतल्या शेवाळबाई आपल्या प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांत वाढवून बघत. त्यांचा सगळा जीव त्या हिरव्या बाटल्यांत. आणि नेमकी त्याच खोलीवर संस्थेच्या देखरेख समितीची नजर पडली! समिती भारीच कार्यक्षम. निम्मा दिवस ती बाईंना काम कुठवर आलं हे विचारी, उरलेला निम्मा ते पुढे का सरकत नाही हे विचारी. आता तिला बैठकीला ऐसपैस जागा हवी होती.

"सोमवारी बाटल्या जिन्याखाली हलवा," अध्यक्ष म्हणाले.

"तिथे उजेड नाही हो साहेब. मरतील सगळ्या."

"तुम्ही ना बाई, फार मनाला लावून घेता."

बाई तडक परतल्या. खोलीत येऊन त्या बाटल्यांकडे बघत बसल्या. राक्षसी विषाणू टाकलेल्या सगळ्या फिकट पडलेल्या. एकच तेवढी हिरवीगार, चिमुकला सोबत सोडलेली. बाई ताडकन उठून अध्यक्षांकडे गेल्या.

"साहेब, तुमच्या समितीचं एवढं मोलाचं काम! त्यावर देखरेखीला एक छोटीशी उपसमिती नको का?"

अध्यक्ष विरघळले. "अहो, हे मला कसं सुचलं नाही?"

उपसमिती समितीच्याच खुर्च्यांत बसली, समितीचाच चहा प्यायली आणि कामाला लागली. मागच्या बैठकीत अध्यक्षांनी मान डोलावली, ती संमतीने की झोपेने? खिडकी उघडण्याचा निर्णय एकमताने झाला का? समिती उत्तरं जमवता जमवता मेटाकुटीला आली. सोमवार आला नि गेला, खोलीचं नाव कोणी काढलं नाही. शेवाळ नुसतं फोफावलं. बाई तर नाचायच्याच बाकी होत्या.

ही हकिकत बाईंनी खास आग्रहाने छापायला लावली आहे. ती वाचण्यात तुम्ही गुंतलात, तेवढ्यात तुमच्या हाताखालच्या माणसांनी भराभर कामं उरकली. (हाताखाली कोणी नसेल, तर घरच्यांनी.) त्या सगळ्यांची एकच कळकळीची विनंती आहे : पुन्हा पहिल्यापासून वाचा.