समितीची सही

गावाच्या पाण्याचा रिपोर्ट आला. त्यात तांबं मर्यादेबाहेर होतं, आणि ते कुठून आलं हे कळायला गुरुनाथला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याच्याच ओट्यावर तांब्याची कळशी घासूनपुसून लख्ख बसली होती.

"आई, टेस्टची बाटली कशातून भरलीस?"

"तूच म्हणालास ना, रात्रभर न हललेलं पाणी हवं. नळाचं वाहतं पाणी कसं देणार? कळशीतलं दिलं."

सुलभाताई मनमाडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची चूक काढायची पद्धत घरात नव्हती.

अमेरिकेतल्या डब्लिनपासून तासाभरावरच्या या गावात स्वस्त घर मिळालं म्हणून गुरुनाथ आला आणि सभेला उशिरा पोचला म्हणून पाणी समितीवर गेला. वेळेवर आलेल्यांनी तोवर आपापली मानगूट सोडवून घेतली होती. नमुन्यासाठी चारच घरं मिळाली, तेव्हा पाचवं अर्थातच त्याचं. त्या पहाटे ऑफिसला निघताना त्याने आधीच सही केलेला फॉर्म आणि बाटली आईच्या हाती दिली होती.

पाणी सांभाळणारा डेल दोन महिन्यांनी रिटायर होणार होता. सव्वीस वर्षांत त्याच्या पाण्याबद्दल एकही नोटीस निघाली नव्हती. गुरुनाथने पंपघरात जाऊन त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो रागावलासुद्धा नाही. गुरुनाथला त्याचंच जास्त वाईट वाटलं. दोघांनी मिळून राज्याच्या ऑफिसला फोन लावला.

"नमुना घरच्यांनी भरला असेल, तर तो चुकीचा भरला असं नंतर म्हणता येत नाही," पलीकडची बाई म्हणाली.

"पण मॅडम, ते नळाचं पाणीच नव्हतं."

"फॉर्मवर 'किचनचा नळ' असं लिहून सही केलीय. कोणाची आहे?"

"माझी," गुरुनाथ म्हणाला.

आता घरोघरी नोटीस जाणार होती. खाली नाव-सहीची जागा एकच, आणि तिथे डेलचं नाव येणार होतं.

"माझं टाका," गुरुनाथ म्हणाला. डेलने टोपी हातात फिरवली आणि मान डोलावली.

शनिवारी नोटीस घरी आली. सुलभाताईंनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली.

"पिण्याआधी अर्धा मिनिट नळ सोडून ठेवा? आम्ही पंधरा-पंधरा दिवसांनी येणारं पाणी वाटीवाटीने पुरवलं, आणि हे ओतून द्यायला सांगतात. तेही तांब्यासाठी! तांबं तर औषध आहे. कोण हा दीडशहाणा सही करणारा?"

मग त्यांनी सही पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. खरं सांगायला गुरुनाथला एक वाक्य पुरलं असतं, पण ते आईला पटवायला जन्म पुरला नसता. तो खुर्चीत बसला.

"त्या डेलने सव्वीस वर्षं गावाचं पाणी नीट सांभाळलं," सुलभाताई नोटिशीची घडी घालत म्हणाल्या. "तुझी सही लागली आणि वाट लागली. जरा शीक त्याच्याकडून."

"हो आई," गुरुनाथ म्हणाला.