मागे जाताना लागणारे पुढचे दिवे

जे काम दुसरा माणूस चाळीस मिनिटांत करून देतो, ते स्वतः करायला अकरा दिवस घेणं, याला स्वावलंबन म्हणतात. मानवजात इथवर आली ती याच गुणामुळे. आणि आणखी पुढे गेली नाही, तीही बहुधा त्यामुळेच.

कॉलनीत ज्यांना सगळे दशांशराव म्हणतात, ते गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात नोकरीला आहेत. किती वाजले असं विचारलं, तर ते सेकंदही सांगतात, आणि सांगण्यात गेलेले सेकंद त्यात मिळवून सांगतात. अशा माणसाने आपल्या गाडीला धुक्यातले दिवे स्वतःच्या हाताने बसवायचं ठरवलं, तेव्हा त्यामागे कारण भक्कमच असणार.

कारण असं की सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या बायकोची गाडी चालवण्याची परीक्षा होती. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला तिने डावीकडे वळताना इशारा म्हणून वायपर चालू केले (काच लख्ख झाली, पण त्याला गुण नव्हते). दुसऱ्या खेपेला तिने एका कुत्र्याला वाट दिली आणि ते वाटेतच बसलं. ते उठेपर्यंत परीक्षक जेवायला निघून गेले. या वेळी मात्र पास होणं भाग होतं. ती परिचारिका, आणि एक तारखेपासून तिची बदली शहराबाहेरच्या दवाखान्यात झालेली. पाळी सकाळी सहाची, पहिली बस सातची. गाडी चालवता आली नाही, तर नोकरीवर पाणी सोडायचं.

"अहो, परीक्षा माझी आहे की गाडीची?" तिने विचारलं.

"परीक्षक आधी गाडी बघतो, मग माणूस," दशांशराव म्हणाले. "सुसज्ज गाडी दिसली की त्याचं मत निम्मं बनतं."

या विधानाला आधार काय, हे तिने विचारलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

राहता राहिला धुक्याचा प्रश्न. या शहरात गेल्या एकतीस वर्षांत धुकं पडल्याच्या दोनच नोंदी आहेत. त्यातल्या एका वेळी कचऱ्याचा ढीग पेटला होता आणि दुसऱ्या वेळी नोंद करणाऱ्याने चष्मा पुसला नव्हता. तळमजल्यावरच्या काकांनी हे दशांशरावांच्या कानावर घातलं.

"काका, तहान लागल्यावर विहीर खणायची का?"

"अरे, पण तू विहीर खणून तहानेची वाट बघत बसलायस!"

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला एक संधी देण्यात आली. "गाडी लावून जा साहेब, चाळीस मिनिटांत करून देतो," तो म्हणाला. दशांशरावांनी त्याला विचारलं, की बंपरचे बोल्ट तो नेमके किती आवळतो. "घट्ट," तो म्हणाला. 'घट्ट' हे एकक दशांशरावांच्या कार्यालयात मान्य नाही. ते गाडी घेऊन परत आले.

त्यानंतरच्या अकरा दिवसांतल्या श्रमांची विभागणी त्यांच्या वहीत अशी आहे: दहा नंबरचा पाना शोधणे, ३१ टक्के. सापडलेला पाना बंपरच्या मागे पडल्यावर तो काढणे, २२.५ टक्के. उरलेल्या स्क्रूंकडे बघत 'हे यातलेच का?' असा विचार करणे, १८ टक्के. सल्ले ऐकणे, २४ टक्के (त्यात काकांचे २३). प्रत्यक्ष काम, ४.५ टक्के. जगातली बहुतेक मोठी कामं याच प्रमाणात झालेली असावीत, फक्त ती करणाऱ्यांनी वही ठेवलेली नाही.

पाचव्या दिवशी दिव्यांना वीज देणारी वायर निवडायची वेळ आली. किल्ली फिरवली की जिच्यात वीज येते आणि किल्ली काढली की जाते, अशी वायर हवी, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. डॅशबोर्डखाली वायरींचा गुंता म्हणजे शेवयांचं पातेलंच. दशांशरावांनी त्यातून एक हिरवी वायर काढली, किल्ली फिरवून मीटर लावला, तर १२.४ व्होल्ट. किल्ली काढली, शून्य. एवढ्यावर भरवसा ठेवणारा माणूस वेगळा. त्यांनी हे चौदा वेळा केलं आणि चौदाही वेळा तेच उत्तर आलं.

आता कॉलनीतली जागा उताराची आहे. गाडी घरंगळू नये म्हणून दशांशराव ती नियमाप्रमाणे रिव्हर्स गिअरमध्ये टाकूनच उभी करतात. म्हणजे चौदाही वेळा गाडी रिव्हर्स गिअरमध्येच होती, आणि ती हिरवी वायर होती मागे जाताना लागणाऱ्या पांढऱ्या दिव्याची. वहीत ही नोंद नाही. त्या रकान्याला जागा उरली नव्हती.

आठव्या दिवशी दिवे जोडून, वायरीवर टेपचे अकरा थर चढवून, बंपर परत बसवून गाडी सपाट जागेवर आणली. बटण दाबलं. काही नाही. पहिला गिअर टाकला, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. रिव्हर्स टाकला, आणि गाडीच्या तोंडावर पिवळाधमक उजेड पडला.

बायको बराच वेळ त्या उजेडाकडे बघत राहिली. "म्हणजे गाडी मागे जायला लागली की पुढचे दिवे लागणार?"

दशांशरावांनी रिव्हर्स काढून पुन्हा टाकून बघितला (वहीत ३.२ सेकंद). मग म्हणाले, "धुकं पडल्यावर शहाणा माणूस काय करतो?"

"काय करतो?"

"मागे फिरतो. दिवा तेव्हाच लागला पाहिजे."

या युक्तिवादात चूक काढायला काका दोन दिवस बसले होते. त्यांना ती सापडलेली नाही.

दिवे बसले, तरी त्यांचा रोख ठरवायचा राहिला होता. त्यासाठी समोर भिंत लागते आणि भिंत होती काकांच्या बेडरूमची. तिच्यावर खडूने तीन रेघा ओढण्यात आल्या. मधली रेघ खिडकीतून आत जाऊन काकांच्या कपाटावर संपत होती. भिंतीपासून दर अर्ध्या मीटरवर उजेडाची उंची मोजायची, आणि उजेड फक्त मागे जाताना पडायचा, म्हणून बायकोला गाडी अर्धा अर्धा मीटर मागे न्यावी लागली. सरळ, तिरकी, वळणावरून, दोन कुंड्यांच्या मधून. तीन संध्याकाळी हेच चाललं. "थांब! दोन सेंटिमीटर जास्त गेलीस!" असं दशांशराव ओरडायचे आणि ती दोन सेंटिमीटर पुढे यायची. एवढाच काय तो तिचा पुढे जाण्याचा सराव.

सोमवार उजाडला. परवाना कार्यालयाच्या मैदानावर सोळा उमेदवार जमले. खांब रोवून इंग्रजी आठचा आकडा आखला होता, आणि एकेकाने त्यातून गाडी काढायची होती. परीक्षक प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. बरोबर दहा वाजता डास मारायच्या धुराचं यंत्र आत आलं. डासांची तक्रार याच कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी केली होती आणि तिची आज दखल घेतली गेली. परीक्षा पुढे ढकलायला अर्ज लागतो, धूर पुढे ढकलायलाही अर्ज लागतो. दोन्ही अर्ज घेणारा कारकून एकच होता, आणि तो रजेवर होता. म्हणून दोन्ही कामं वेळेवर सुरू झाली.

पाच मिनिटांत मैदान नाहीसं झालं. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला आणि ते पुकारत राहिले. "एक नंबर, जा. आलात? पास. दोन नंबर, जा." सात नंबरच्या बाईंच्या वेळी धुरातून 'टप्प, टप्प' असा चार वेळा आवाज आला. परीक्षकांनी तो यंत्राचा धरला.

नऊ नंबर दशांशरावांच्या बायकोचा. ती धुरात शिरली. पुढचं दिसत नव्हतं, मागचंही दिसत नव्हतं. फरक इतकाच, की मागे जायचा तिचा हात बसला होता. तिने आठ पूर्ण केला तो रिव्हर्समध्ये, एकाही खांबाला न शिवता. कुंपणाबाहेर उभ्या दशांशरावांना धुरातून दोन पिवळे दिवे सुरेख वळणं घेत फिरताना दिसले आणि त्यांचा ऊर भरून आला. "अडतीस मीटरवरून दिसतायत!" ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले. त्यानेही मान डोलावली. मैदानात दिसण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

निकाल लागला. पंधरा पास, एक नापास.

दशांशराव टेबलापाशी गेले. "साहेब, आठ उलटा काढला तरी आठच राहतो."

"गाडी मागे मागे चालली होती," परीक्षक म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलं. दिवे होते ना."

"आणि बाकीचे पंधरा जण कसे चालवत होते?"

"ते मला काय माहीत? दिसले कुठे?"

"मग पास कसे केले?"

परीक्षकांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अहो, नापास करायला चूक दिसावी लागते. नियम आहे तसा."

यावर दशांशरावांनी वही उघडली आणि पहिल्यांदाच एकही आकडा न लिहिता मिटली. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. दिवे मात्र अगदी चोख बसवलेत हो तुम्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता की कौतुक, हे मोजायचं उपकरण त्यांच्या कार्यालयात नाही.

नोकरी मात्र टिकली. सात नंबरच्या बाई त्याच दवाखान्यात औषधं देतात. रोज पहाटे त्या दशांशरावांच्या बायकोला दारातून घेतात, आणि ती त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसते. बाकीचे चौदाही जण तुमच्या-आमच्याबरोबर रस्त्यावर आहेत आणि गाडी छान चालवता येते अशी त्यांची खात्री आहे. तसा शिक्काच आहे त्यांच्याजवळ. त्यांना हसण्यापूर्वी एवढंच करा: आजवर तुम्ही ज्या ज्या परीक्षा पास झालात, त्या एकेक आठवा, आणि त्यांतल्या किती दिवशी हवा स्वच्छ होती, ते मोजून बघा.