पान नऊवरचा धान

केवळरामची कथा नागपूरच्या मासिकात छापून आली. हे वाक्य वाचकांनी ताबडतोब विसरावं, कारण सन बावन्नच्या त्या कार्तिकात, सालेकशाजवळच्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून केवळराम अजून ती लिहीतच होता. आधीच्या तीन कथा पोस्टाने परत आल्या होत्या. मानधनाचं विचारलं, तर संपादकांनी 'पाहू' एवढंच कळवलं होतं. तरी लिहिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बायको वच्छला मात्र धान कापायला जाताना शेवटचं बजावून गेली होती, "हे चवथी हाये. हे परत आली त लिवनं बंद. विळा घ्यायचा न माह्यासंगं धानाच्या बांधीत उतरायचं."

दुपारी सातव्या पानावर कथेतला म्हातारा शालीकराम मेला. त्याला मारलं केवळरामनेच. पण मारल्यावर असं भरून आलं, की टाक बाजूला ठेवून तो हुंदके देऊ लागला.

कुंपणापलीकडून शेजारची रुख्माकाकी धावत आली. "का झालं गा?"

"शालीकराम गेला, काकी."

"अगा बापा! म्हातारा होता?"

"सत्तरीचा."

"लेकरंबाकरं?"

"एकबी नाही. एकटाच मेला. उशाशी पान्याचा गडवा, तोबी रिकामा."

"गडवाबी रिकामा!" काकीने पदर डोळ्यांना लावला.

आता खरं सांगायला हवं होतं. पण केवळरामच्या कथेसाठी आजवर कोणी साधं नाकसुद्धा ओढलं नव्हतं. काकीचं रडणं संपलं की सांगू, असं त्याने ठरवलं. काकी रडतरडतच गावात गेली, आणि केवळरामने डोळे पुसून उरलेली दोन पानं लिहून टाकली.

मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, ही रीत. अर्ध्या तासात ओसरीवर भात आणि तीन घरांची डाळ आली. पाठोपाठ पाटील केशोराव दोन बैलबंड्या जुंपून हजर.

"चाल गा, मातीले उशीर होऊन राहिला. कोनत्या गावाले जायचं?"

"गाव... ठरवलं नाही अजून."

"मेला कुठं, तेबी ठरवाचं रायते का?"

"होय, पाटील. सकाळी सालेकसा होतं. मंग प्रतापगड केलं. मंग दोन्ही खोडले."

दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, हे पाटलांना ठाऊक होतं. "दोन घास खाऊन घे," ते हळूच म्हणाले. केवळरामने खाल्ले. डाळ चांगली होती.

तेवढ्यात वच्छला शेतातून आली. दारात वीस माणसं बघून तिने विळा तिथेच टाकला. "कोन गेलं वो?"

"तुह्या सासरचा शालीकराम," काकी म्हणाली.

"आमच्यात कोनी शालीकराम नाही."

सगळ्यांनी केवळरामकडे पाहिलं. त्याने मुकाट्याने कागद वर धरले. "हा पाहा. सातव्या पानावर."

रुख्माकाकीने पुढे येऊन कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे मी कागदासाठी रडली?" रुख्माकाकी म्हणाली.

"वाच आता," पाटील म्हणाले. "बंड्या जुंपल्या, डाळ शिजली. मेला कसा, तेबी आयकू दे."

केवळराम वाचू लागला. सातव्या पानावर काकी पुन्हा रडली, यावेळी माहीत असून. आठव्यावर पाटलांनी फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. नवव्यावर शालीकरामचा पिकलेला धान बांधीत तसाच उभा राहिला, कापायला कोणी नाही म्हणून दाणे गळू लागले, आणि कथा संपली.

"अन् मंग?" वच्छलाने विचारलं.

"मंग काही नाही. एवढीच."

"एवढीच कशी? धान उभा हाये ना! म्हाताऱ्याले मारला त मारला. पन पिकलेला धान असा सोडते का कोनी?"

"एक ओळ बदलनार नाही मी."

"नका बदलू. परत आली त पाचवी लिवा," वच्छला म्हणाली. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. "पन ह्या धानाचं पयले पाहा!"

दुसऱ्या दिवशी कथा पोस्टात पडली. सोबत पाटलांनी सांगून लिहून घेतलेला अर्ज होता, आणि खाली वीस अंगठे.

"मेहेरबान संपादकसाहेब यांचे सेवेशी. अर्ज समस्त ग्रामस्थांचा ऐसाजे, लेखकाने शालीकरामचे नावाने आमचा डाळभात खाल्ला आहे, सबब कथा छापावी. तसेच पान नऊवरील धान गळत असून लेखक ऐकत नाही. आमचेकडे वीस विळे व दोन बैलबंड्या तयार आहेत. तरी सदर पानात उतरून धान कापून आणण्याची लेखी परवानगी उलटटपाली मिळावी, ही विनंती."